ग्रँटच्या नावापुढचा शेरा

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. तिथल्या सज्जनांनी गुलामांना सोडवण्यासाठी जो निरपेक्ष त्याग केला त्याच्या सन्मानार्थ, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र भावंडांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा या इच्छेने. ही अर्पणपत्रिका आपल्याला इतकी ओळखीची आहे की डोळा तिच्यावरून सरकन पुढे जातो. एकदा मात्र माझा डोळा सालावर अडला. १८७३. म्हणजे लिंकनचा खून होऊन आठ वर्षं झालेली. मग इकडे हे पुस्तक छापलं जात होतं तेव्हा तिकडे व्हाइट हाउसमध्ये बसलं कोण होतं?

युलिसिस ग्रँट. गुलामगिरीवरून बंड केलेल्या दक्षिणेच्या राज्यांविरुद्धचं यादवी युद्ध जिंकून देणारा सेनापती, १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षं अध्यक्ष, आणि अध्यक्ष म्हणून पुढच्या पिढ्यांनी नापास केलेला गृहस्थ. यात ‘नापास’ हा माझा शब्द नाही. १९४८ साली थोरल्या आर्थर श्लेसिंजरांनी इतिहासकारांकडून अध्यक्षांची प्रतवारी करून घेतली, तेव्हा या खान्यात दोनच नावं पडली, हार्डिंग आणि ग्रँट. सी-स्पॅन या वाहिनीने २००० साली हाच खेळ मांडला तेव्हा ग्रँट ३३ वा आला. २०२१ साली तो २० वा होता. मरून शतक उलटल्यावर माणूस एवढ्या पायऱ्या चढतो तेव्हा त्याने नवीन काही केलेलं नसतं हे उघड आहे. बदलतात ते परीक्षक. आणि माझ्या मते या गोष्टीतला खरा मजकूर तोच आहे.

आधी १८७३ बद्दल. त्या वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात कचेरीच्या इमारतीत काही काळे लोक मोर्चेबंदी करून बसले होते. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत नक्की कोण जिंकलं यावरून वाद होता आणि आपल्या बाजूचे अधिकारी हुसकले जाऊ नयेत म्हणून ते पहारा देत होते. गोऱ्यांची सशस्त्र टोळी तोफ घेऊन आली. इमारतीला आग लावली. बाहेर आलेल्यांना मारलं, शरण आलेल्यांना रात्री बाजूला नेऊन मारलं. मेलेल्यांचा आकडा कुणी साठाच्या वर सांगतं, कुणी दीडशेपर्यंत नेतं. ज्या परगण्यात हे घडलं त्याचं नाव ग्रँट परगणा. गावाचं नाव ग्रँटच्या पहिल्या उपाध्यक्षावरून. गुलामगिरी संपल्याच्या आनंदात दिलेली नावं होती ती. जोतीरावांनी ज्यांना कित्ता म्हणून पुढे धरलं, त्या लोकांची परीक्षा संपलेली नव्हती. ती तेव्हाच चालू होती, आणि पर्यवेक्षक म्हणून हा अबोल, सिगार ओढणारा माणूस वर्गात बसला होता.

हा माणूस मुळात कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. जन्म १८२२ चा, ओहायोमधला. बापाच्या कारखान्यातल्या वासाची आणि रक्ताची त्याला इतकी शिसारी की पुढे जन्मभर तो मांस पार करपवून घेई. (आपल्याकडे जन्मला असता तर कातडी कमावणाऱ्याचा मुलगा एवढ्या एका ओळीत त्याचं आयुष्य आटोपलं असतं. तिथे नाही आटोपलं. जोतीरावांना अमेरिकेचं कौतुक का वाटलं असेल याचं एक उत्तर मला इथेही दिसतं.) वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत ३९ जणांत २१ वा. मेक्सिकोच्या युद्धात लढला, आणि बलाढ्य राष्ट्राने दुबळ्यावर लादलेल्या अत्यंत अन्यायी युद्धांपैकी ते एक होतं असं म्हातारपणी स्वतःच लिहून गेला. १८५४ साली सैन्य सोडलं. दारूचा प्रवाद तेव्हाच मागे लागला. शेती केली, ती बुडाली. सेंट लुइसच्या रस्त्यांवर सरपण विकलं. शेवटी बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली बसला.

बायकोचं माहेर गुलाम बाळगणारं होतं. ग्रँटच्या स्वतःच्या नावावरही एक गुलाम होता, विल्यम जोन्स. १८५९ साली, हातात पैसा नसताना, ग्रँटने त्याला कोर्टात जाऊन मोकळं केलं. बाजारात विकला असता तर हजारेक डॉलर सहज आले असते. या एका कागदावरून त्याला संत करू पाहणारे लोक आहेत. मला तो कागद वाचून इतकंच वाटतं की या माणसाला सोयीपेक्षा दुसरंही काही दिसत असे, कधीकधी. कधीकधी दिसतही नसे. १८६२ च्या डिसेंबरात, कापसाच्या चोरट्या व्यापाराला वैतागून, त्याने आपल्या लष्करी विभागातून सगळ्या ज्यूंना बाहेर काढायचा हुकूम सोडला होता. लिंकनने तो काही दिवसांत रद्द करायला लावला.

कापसावरून आठवलं. ग्रँटच्या विजयाचा हिशेब मुंबईनेही चुकता केला आहे. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाला तोटा राहिला नाही. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि प्रेमचंद रायचंदच्या मागे सारा गाव शेअर घेत सुटला. १८६५ च्या ९ एप्रिलला ॲपोमॅटॉक्स इथे बंडखोरांचा सेनापती जनरल ली ग्रँटला शरण आला. ती बातमी इकडे पोचली आणि भाव बसले. त्या वर्षी मुंबईत किती पेढ्या आणि किती घरं बुडाली! ज्या दिवशी चाळीस लाख माणसांच्या बेड्या तुटण्याची खात्री झाली त्याच दिवसाला आमच्या बाजारात दिवाळं म्हणत. इथेच सांगून टाकतो की ग्रँट रोडचा आणि या ग्रँटचा काडीचा संबंध नाही. तो सर रॉबर्ट ग्रँट, मुंबईचा गव्हर्नर, १८३८ मध्ये दापोडीला वारला.

बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा भावजींना म्हटलं, मला ग्रँटची कबर बघायची आहे. ते म्हणाले, “अहो, इतक्या लांब येऊन कबरी कसल्या बघता? आउटलेट मॉलला जाऊ.” पण घेऊन गेले. हडसन नदीच्या काठाला, मॅनहॅटनच्या वरच्या अंगाला, संगमरवर आणि ग्रॅनाइटचा तो प्रचंड घुमट आहे. १८९७ साली त्याचं उद्घाटन झालं तेव्हा दहा लाख माणूस लोटलं होतं. त्याआधी अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये त्याच्या बाजूचे सेनापती होते तसे त्याने हरवलेलेही होते. आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघे, आणि सावलीला बसलेला एक सायकलवाला. मधल्या काळात या वास्तूची इतकी हेळसांड झाली होती की भिंतींवर रंगाचे फवारे मारलेले असत. १८९७ ला दहा लाख आणि १९४८ ला नापास. मधल्या पन्नास वर्षांत झालं काय?

लोकांना ग्रँटचं नाव घेतलं की आठवतो तो भ्रष्टाचार. तो होताच. सोन्याचा बाजार कोंडून धरणाऱ्या गूल्ड आणि फिस्क या जोडगोळीने त्याच्या मेव्हण्याला हाताशी धरलं आणि १८६९ च्या सप्टेंबरात बाजार कोसळला. दारूच्या भट्टीवाल्यांनी आणि कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मिळून सरकारी कराची लूट चालवली होती. ‘व्हिस्की रिंग’ म्हणतात ती हीच. धागा थेट अध्यक्षांचा चिटणीस ऑर्व्हिल बॅबकॉकपर्यंत पोचला. दोषी असेल त्याला सोडू नका, असं ग्रँटने फायलीवर लिहिलं आणि मग बॅबकॉकसाठी स्वतः जबानी दिली. तो सुटला. युद्धमंत्री बेल्कनॅप एका लष्करी ठाण्यावरच्या दुकानाच्या ठेक्यातून पैसे खात होता. महाभियोगाची कुणकुण लागताच तो सकाळी सकाळी व्हाइट हाउसवर येऊन रडला आणि ग्रँटने उभ्या उभ्या त्याचा राजीनामा मंजूर केला. स्वतः ग्रँटच्या खिशात यातला पैसा गेला नाही. पण ज्याच्यावर एकदा विश्वास टाकला त्याच्या विरुद्ध पुरावा बघायचाच नाही, ही त्याची खोड. रणांगणावर शेरमन-शेरिडनसारख्यांच्या बाबतीत हीच गोष्ट गुण ठरली होती. राजधानीत तिने घात केला.

इथवर सगळं त्याचे टीकाकार सांगतात तसंच. घोडं पेंड खातं ते पुढे. हे टीकाकार कोण होते आणि त्यांना आणखी काय हवं होतं, हे बघायला लागतं.

१८७२ च्या निवडणुकीत ग्रँटच्या रिपब्लिकन पक्षातून एक गट फुटला. सुशिक्षित, सभ्य, वर्तमानपत्रं चालवणारे लोक. त्यांच्या दोन मागण्या होत्या. एक, सरकारी नोकऱ्या वशिल्याने नव्हे तर परीक्षेने द्या. दोन, दक्षिणेतून सैन्य काढा, तिथल्या ‘चांगल्या घरच्या’ लोकांना आपला कारभार आपण बघू द्या. चांगल्या घरचे लोक म्हणजे कालपर्यंतचे गुलाममालक, हे सांगायची गरज नव्हती. त्यांचा उमेदवार होरेस ग्रीली. जन्मभर गुलामगिरीविरुद्ध लिहिलेला संपादक, आणि बंडखोर राज्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याच्या जामिनावर सही करणाराही तोच. बंडखोरांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने ग्रीलीलाच आपलंही तिकीट दिलं. म्हणजे स्वच्छ कारभाराची हाक आणि मुक्त झालेल्या काळ्या माणसांना वाऱ्यावर सोडायची तयारी, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून येत होत्या. हेन्री ॲडम्ससारखा दोन अध्यक्षांच्या घराण्यातला विद्वान म्हणाला, की वॉशिंग्टनपासून ग्रँटपर्यंतची वाटचाल पाहिली तर डार्विनचं म्हणणं खोटं पाडायला तेवढा पुरावा पुरे. वाक्य झकास आहे. पण ज्या वर्षांत दक्षिणेत माणसं झाडांना लटकावली जात होती त्या वर्षांत ॲडम्सला राज्यकर्त्यांची अभिरुची खुपत होती, हे ध्यानात ठेवून ते वाचावं. ‘स्वच्छ प्रतिमा’ हे शब्द आपल्याकडेही कुणाच्या तोंडी कधी येतात याकडे मी तेव्हापासून जरा कान देऊन असतो.

आता ग्रँटने केलं काय ते. वर्णावरून कुणाचा मताधिकार हिरावता येणार नाही, ही पंधरावी घटनादुरुस्ती १८७० च्या फेब्रुवारीत मंजूर झाली. त्याच महिन्यात मिसिसिपीचा हिरॅम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर शपथ घेऊन बसला. आणि त्याच सुमारास रात्री अपरात्री बुरखे घालून घोड्यांवरून येणाऱ्या टोळ्यांनी दक्षिणेत थैमान घातलं. मत देणारा, शाळा चालवणारा, जमीन घेणारा काळा माणूस त्यांना नको होता. स्थानिक पोलीस त्यांचेच, पंच त्यांचेच, न्यायाधीशही बहुतेक त्यांचेच. या टोळ्यांचं नाव कू क्लक्स क्लॅन, आणि तिला शिक्षा करायला राज्यांत कुणीही नव्हतं.

मग केंद्राने ते काम आपल्याकडे घेतलं. १८७० साली केंद्राचं न्याय खातं स्थापन झालं, आणि त्याच्या पदरात सर्वांत आधी पडलेलं मोठं काम हेच. ॲटर्नी जनरल होता एमॉस ॲकरमन. जॉर्जियाचा वकील, युद्धात बंडखोरांच्या बाजूने गणवेश घातलेला, आणि पराभवानंतर मनापासून बदललेला. अशी माणसं इतिहासात फार थोडी सापडतात, म्हणून मी त्याच्यापाशी थांबतो. १८७१ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसने क्लॅनविरोधी कायदा केला. ऑक्टोबरात ग्रँटने दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावण्याचा हक्क, स्थगित केला. सैन्य धरपकड करायचं, ॲकरमनचे वकील खटले उभे करायचे, आणि ज्यूरीत काळे लोकही बसायचे. कालपरवापर्यंत ज्यांना साक्ष द्यायची मुभा नव्हती ती माणसं आता न्यायनिवाडा करत होती. हजारोंवर आरोपपत्रं आली, शेकडो दोषी ठरले, कित्येक रातोरात राज्य सोडून पळाले. क्लॅनचं कंबरडं मोडलं. १८७२ ची निवडणूक दक्षिणेतली त्या काळातली सर्वांत शांत निवडणूक झाली. लिंकनने गुलामगिरी कायद्याने संपवली हे खरं, पण कायद्याच्या मागे बंदूक आणि वकील उभा करायचं काम ग्रँटला करावं लागलं. त्याचं नाव अर्पणपत्रिकेत नाही. १८७३ साली ते असायला हरकत नव्हती, असं मी म्हणेन.

ॲकरमन मात्र दीड वर्षच टिकला. १८७१ च्या अखेरीस ग्रँटने त्याचा राजीनामा मागितला. रेल्वे कंपन्यांच्या जमिनीच्या दाव्यांत तो अडसर झाला होता, आणि मंत्रिमंडळातले सहकारी त्याच्या क्लॅनच्या कहाण्या ऐकून कंटाळले होते. परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिशने आपल्या रोजनिशीत तशी तक्रार नोंदवली आहे. इतिहासातला कंटाळा हा विषय कुणीतरी हाताळायला हवा.

१८७३ च्या सप्टेंबरात ‘जे कुक’ या बँकवाल्याची पेढी बुडाली. पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला त्या २४ तारखेला न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद होता. मंदी आली. उत्तरेतल्या मतदाराला आता आपली नोकरी दिसत होती, मिसिसिपीतला शेतमजूर दिसत नव्हता. पुढच्या वर्षी काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह विरोधकांकडे गेलं.

आणि मग १८७५. ग्रँटच्या नावापुढे लाल शेरा मारायचाच असेल तर मी तो इथे मारेन.

मिसिसिपीत निवडणूक होती. गोऱ्यांच्या बंदूकधारी टोळ्या उघडपणे सभा उधळत होत्या, या वेळी बुरखे न घालता. गव्हर्नर ॲडेलबर्ट एम्स, मूळचा उत्तरेतला, लष्करात वाढलेला. त्याने सप्टेंबरात केंद्राकडे सैन्य मागितलं. ग्रँट तेव्हा न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर उन्हाळ्याच्या मुक्कामाला होता. तिथून त्याने नव्या ॲटर्नी जनरलला, एडवर्ड्स पिअरपाँटला, पत्र लिहिलं. दक्षिणेतल्या या दर शरद ऋतूत होणाऱ्या दंगलींना सारी जनता कंटाळली आहे, सरकारने हस्तक्षेप केला तर बहुतेक लोक त्याची निंदाच करतील, असं त्यात होतं. पण पत्र तिथे संपत नव्हतं. शांतता आपली आपण आली तर उत्तम, नाही आली तर जाहीरनामा काढावाच लागेल, आणि काढला तर तिथल्या सेनाधिकाऱ्याला सांगेन की पोरखेळ करू नका, असंही त्यात पुढे होतं. पिअरपाँटने एम्सला कळवताना जनतेच्या कंटाळ्याचा भाग तेवढा ठेवला आणि पोरखेळाचा गाळला.

अर्धं पत्र पाठवणारा हाताखालचा माणूस मिळाला की साहेबाची सुटका होते, असा एक प्रघात आहे. ग्रँटचे नवे चाहते तेच करतात. माझ्या मनाला ते पटत नाही. कारण अर्धं पत्र गेल्यानंतरही पुढचे दीड महिने सैन्य हललं नाही. ओहायोत ऑक्टोबरात निवडणूक होती. मिसिसिपीत सैन्य पाठवाल तर ओहायो हातचं जाईल, असं पक्षाच्या लोकांनी ग्रँटला येऊन सांगितलं. त्याने ऐकलं. ओहायो राखलं, मिसिसिपी गेलं. यॅझू परगण्यात, जिथे रिपब्लिकनांचं चांगलं बहुमत असायचं, तिथे त्यांना ७ मतं पडली. मिसिसिपीचे काळे काँग्रेस सदस्य जॉन लिंच नंतर व्हाइट हाउसला गेले आणि त्यांनी विचारलं, असं का केलंत? आपण दबून चूक केली, आणि करताना ती चूक आहे हे कळत होतं, असं ग्रँट त्यांना म्हणाला. लिंच यांनी ती भेट पुढे लिहून ठेवली आहे.

म्हणून मला ती प्रतवारी, ३३ वा असो की २० वा, दोन्हीकडून पटत नाही. जुन्यांनी त्याला व्हिस्कीच्या पैशांसाठी नापास केलं, जो पैसा त्याने खाल्ला नव्हता. नव्यांनी क्लॅन मोडल्याबद्दल पास केलं आणि मिसिसिपीच्या रकान्यात पिअरपाँटचं नाव घातलं. त्याला काय करायला हवं हे माहीत होतं, ते करायची ताकद हातात होती, १८७१ मध्ये त्याने ती वापरून दाखवली होती. ज्याला जमतच नाही त्याच्यापेक्षा ज्याला जमलेलं आहे त्याचा नकार जास्त जबर असतो. मिसिसिपीची नक्कल पुढच्या वर्षी दक्षिण कॅरोलायनाने केली, आणि १८७७ मध्ये नव्या अध्यक्षाच्या निवडीच्या सौद्यात पुनर्रचनेचा, म्हणजे युद्धानंतर केंद्राच्या देखरेखीखाली दक्षिणेत चाललेला, कारभार गुंडाळला गेला.

आणखी एक रकाना कुणी फारसा उघडत नाही. एली पार्कर हा सेनेका जमातीचा, युद्धात ग्रँटच्या बरोबर राहिलेला अधिकारी. त्याला ग्रँटने मूळनिवासींच्या खात्याचा प्रमुख केलं. त्या खुर्चीवर बसलेला तो पहिला मूळनिवासी. धोरणाचं नाव ‘शांतता’. पण ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडल्याची बोंब १८७४ मध्ये उठली आणि लाकोटा जमातीला करारानं दिलेल्या त्या डोंगरांत खाणवाले घुसले, तेव्हा १८७५ च्या नोव्हेंबरात ग्रँटने त्यांना अडवायचं सोडून द्यायचं ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात लाकोटांशी लिटल बिगहॉर्नची लढाई झाली. काळ्यांना कायद्याचं छत्र द्यायला निघालेला आणि लाकोटांची जमीन जाऊ देणारा, माणूस एकच, साल जवळपास तेच.

अध्यक्षपद सुटल्यावर तो जगाच्या सफरीवर निघाला. १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला, मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात, पुढे जिथे राजभवन झालं तिथे राहिला. मग जबलपूर, आग्रा, जयपूर, दिल्ली, बनारस, कलकत्ता. हत्ती, मेजवान्या, भाषणं. दख्खनचा भीषण दुष्काळ नुकता सरला होता. त्याच महिन्यात वासुदेव बळवंत फडके यांच्या लोकांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर धाड घातली. जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. यातलं काही पाहुण्याच्या वाटेत येण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी राज्य इथून गेलं तर या लोकांचं वाईट होईल, असं मत बनवून तो पुढे गेला. सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यातून दुसरं काय दिसणार?

त्याचा शेवट सगळ्यांना आवडतो, म्हणून मी तो पटकन सांगतो. १८८४ मध्ये फर्डिनंड वॉर्ड नावाच्या भागीदाराने त्याला बुडवलं, म्हणजे तीच जुनी खोड. घशाचा कॅन्सर झाला. बायकोच्या पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून त्याने मरता मरता दोन खंडांच्या आठवणी लिहिल्या, मार्क ट्वेनच्या कंपनीने त्या छापल्या आणि ज्युलियाला साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. गद्य उत्तम आहे, कोरडं आणि नेमकं. पण त्या आठवणी युद्धापाशी संपतात. अध्यक्षपदाची आठ वर्षं त्याने लिहिलीच नाहीत. तो रकाना त्याने दुसऱ्यांसाठी मोकळा सोडला आणि तो दुसऱ्यांनी भरला.

ते दुसरे कबरीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. १२२ व्या रस्त्यावर कबर, ११६ व्या रस्त्याला कोलंबिया विद्यापीठ. तिथे विल्यम डनिंग नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दक्षिणेच्या एकेका राज्याचा पुनर्रचनेचा इतिहास लिहून काढला, तळटीपांसह, परिश्रमपूर्वक. त्यातला निष्कर्ष असा की काळ्यांना मताधिकार देणं हीच मूळ चूक, उत्तरेतून आलेले लोक लुटारू, आणि ग्रँट त्यांचा भोळसट पुढारी. पराभूतांची कैफियत विजेत्यांच्या विद्यापीठात प्रबंध म्हणून मान्य झाली आणि अर्धं शतक शाळेत शिकवली गेली. १९४८ चे परीक्षक याच पुस्तकांवर वाढलेले होते.

आणि याच विद्यापीठात, याच राज्यशास्त्र विद्याशाखेत, १९१३ पासून १९१६ पर्यंत भीमराव आंबेडकर शिकत होते. डनिंग तेव्हा तिथेच शिकवत. ग्रँटच्या काळाकडे उलट बाजूने पहिल्यांदा नीट पाहिलं ते ड्यू बॉइस या काळ्या विद्वानांनी, १९३५ साली. काळ्या मजुरांना त्यांनी त्या इतिहासाचे कर्ते म्हणून उभं केलं. प्राध्यापकमंडळींनी दखल घेतली नाही. १९४६ मध्ये या ड्यू बॉइस यांना आंबेडकरांनी पत्र लिहिलं. तुमचं लेखन मी वाचत आलो आहे, अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा प्रश्न अभ्यासणं आम्हाला गरजेचंच आहे, असं कळवून आंबेडकरांनी, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली. जोतीरावांनी त्या देशाकडे पाहिलं ते उपकारकर्त्यांना नमस्कार करण्यासाठी. आंबेडकरांनी पाहिलं ते लढणाऱ्यांकडून कागद मागवण्यासाठी. मधल्या ७३ वर्षांत त्या उपकारकर्त्यांनी काय केलं हे बाबासाहेबांना ठाऊक होतं.

ग्रँटच्या १८७१ च्या कायद्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कोलफॅक्सच्या मारेकऱ्यांपैकी ज्या थोडक्यांना केंद्राच्या वकिलांनी दोषी ठरवून घेतलं होतं, त्यांना सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये सोडलं. माणसांनी माणसांवर केलेला अत्याचार हा राज्यांचा प्रश्न, केंद्राचा नव्हे, असं म्हणून. त्यानंतर हे सगळे कायदे धूळ खात पडले. पण क्लॅनविरोधी कायद्याचं पहिलं कलम कुणी रद्द केलं नाही. १९५८ मध्ये शिकागोचे पोलीस भल्या सकाळी एका काळ्या कुटुंबाच्या घरात घुसले, वॉरंट नसताना. त्या घरातल्या जेम्स मन्रो यांच्या वकिलांनी जुन्या कायद्यातलं ते कलम शोधून काढलं आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चालतं असं ठरवलं. आज तिकडे पोलिसाने, तुरुंगाधिकाऱ्याने किंवा नगरपालिकेने कुणाचा हक्क तुडवला, तर नुकसानभरपाईचा दावा याच कलमाखाली लागतो. वकील त्याला आकड्याने ओळखतात, कलम १९८३. त्याच्या मूळ कागदावर ग्रँटची सही आहे, तारीख २० एप्रिल १८७१.